तांदळाचं धुवण

किटली जवळजवळ रिकामी होती. ती कोणी रिकामी केली, हे मिह्वाला कोणाला विचारायची गरज नव्हती.

सकाळचे साडेसहा वाजले होते. चुसॉकचा दिवस, पूर्वजांना नव्या पिकाचा नैवेद्य दाखवायचा सण. बाहेरच्या खोलीत तिची आई बोंगनिम पूर्वजांच्या पानासाठी चेस्टनट सोलत बसली होती. साडेनऊला दकसूकाका येणार, दहाला पान मांडायचं, आणि यंदा त्या पानावर बाबांसाठी पहिल्यांदाच पेला ठेवायचा. बाबा एप्रिलमध्ये गेले, बागेत सफरचंदाला फुलं होती तेव्हा. त्यांनी स्वतः पेरायला काढून ठेवलेल्या बियाण्यातून आलेल्या हळव्या, लवकर पिकणाऱ्या भाताची आईने यंदा दारू लावली होती, अगदी थोडी. "पिणारा गेला, आता कशाला माठ भरायचे," असं म्हणाली होती. काल दुपारी गाळून, पितळी किटली भरून तिने ती मागच्या खोलीत झाकून ठेवली.

एकच घोट, असं मिह्वाने काल ठरवलं होतं. हात थरथरायचे थांबावेत एवढ्यापुरता.

आता खोटं कशाला बोला, पूर्वी तिला एका घोटाने काही झालंही नसतं. दोन वर्षांपूर्वी मिह्वाचं वजन एकशे अठरा किलो होतं. दुःख झालं की ती जेवायची. नोकरीत बोलणी बसली की जेवायची, लग्न मोडलं तेव्हा सहा महिने जेवत होती. दुःख पोटात जायचं आणि तिथे निमूट पडून राहायचं. मग चोनान शहरातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिचं पोट कापून केळ्याएवढं केलं. चौसष्ट किलो झाली. गावातल्या बायका ओळखेनाशा झाल्या. आणि मग बाबा गेले. त्या रात्री तिने भाताचे चार घास घेतले, पाचवा वर आला. इतकं मोठं दुःख, आणि ठेवायला जागा केळ्याएवढी. दारूला मात्र जागा लागत नव्हती. ती सरळ रक्तात जायची.

तीन आठवड्यांपूर्वी ती कामावर, दातांच्या दवाखान्याच्या स्वच्छतागृहात बेशुद्ध सापडली होती. चोनानच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं, "तुमच्या वडिलांच्या यकृताने चाळीस वर्षं काढली. तुमचं चारही काढणार नाही. घरात कोणाला तरी सांगा." तिने हो म्हटलं आणि घरी कोणाला सांगितलं नाही. सांगणार कोणाला? दारूने गेलेल्या माणसाच्या बायकोला?

आत्ताही तिला फक्त एवढंच हवं होतं, की आजचा दिवस निभावून जावा.

मोरीजवळ मोठ्या पातेल्यात तांदळाचं धुवण ठेवलं होतं, अळकुड्यांच्या सुपासाठी. पांढरं, गढूळ, अगदी आईच्या दारूच्या रंगाचं. मिह्वाने पातेलं उचललं आणि किटली काठोकाठ भरली.

*

मिह्वाची वहिनी उनसिल सुपाच्या तयारीला आली तर पातेलं रिकामं.

"वन्सं, धुवण कुठे गेलं हो?"

"सांडलं."

"सगळं?"

"सगळं."

उनसिलने खाली पाहिलं. जमीन कोरडी. मग तिने मागच्या खोलीच्या उघड्या दारातून किटलीकडे पाहिलं. झाकणाच्या कडेला पांढरा थेंब लोंबत होता. एकवीस वर्षं या घरात सून म्हणून काढल्यावर बाईला न सांगता बरंच कळतं. मिह्वाच्या तोंडाचा वास तिला बाबा गेल्यानंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवशी, निरोपाच्या विधीलाच आला होता, मिंटच्या गोळीतूनसुद्धा.

"बरं," उनसिल म्हणाली. "पुन्हा धुते तांदूळ. घरात तांदळाला काय तोटा आहे."

उनसिल तांदूळ चोळायला लागली. तिला तिचा पहिला चुसॉक आठवला. नवी सून, हाताला सवय नाही, माशाच्या धिरड्यांचा अख्खा घाणा करपवला होता. बाहेरून सासूबाईंची पावलं वाजत होती, आणि ही नणंद, तेव्हाची लठ्ठ, हसरी मिह्वा, तव्यापाशी उभी राहून बाराच्या बारा करपलेली धिरडी गरमगरम खाऊन मोकळी झाली होती. पुरावाच ठेवला नाही. सासूबाई येऊन म्हणाल्या, "धिरडी कमी दिसतात," तर ही म्हणाली, "मी खाल्ली, भूक लागली होती." आणि सगळ्यांच्या शिव्या हसत हसत खाल्ल्या.

तेव्हा तिने माझं झाकलं, आता मी तिचं झाकते, असा सरळ हिशेब उनसिलने मनात केला. हिशेब चुकतोय हे तिलाही कळत होतं. करपलेल्या धिरड्यांनी कोणी मरत नाही.

"वन्सं," ती पाठ न वळवता म्हणाली, "थोडी पेज देऊ का? सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या."

"नको वहिनी. राहत नाही."

"जे राहतं ते घेऊ नका म्हणजे झालं."

याहून जास्त उघड आमच्या येसान गावाकडे कोणी बोलत नाही. आमच्याकडची रीतच अशी. शेजाऱ्याचं घर पेटलं तरी आम्ही कुंपणापाशी जाऊन विचारणार, "आज तुमच्याकडे जरा उजेड जास्त आहे का?" पाहुण्याला जा म्हणायचं नाही, आजाऱ्याला आजार सांगायचा नाही, आणि पिणाऱ्याला पितोस म्हणायचं नाही. बाबा शेवटची पंधरा वर्षं पिऊन पिवळे पडत गेले आणि आम्ही सगळे म्हणत राहिलो, "पोटाचा त्रास आहे त्यांना."

*

दकसूकाका वेळेवर आले. बाबांचे धाकटे भाऊ, अडुसष्ट वर्षांचे, तोंडाने फटकळ पण मनाने मऊ. बूट काढता काढताच त्यांनी मिह्वाला न्याहाळलं.

"अगं, तू आहेस होय. मला वाटलं भिंतीला छत्री टेकवून ठेवलीय."

"या काका."

"पूर्वी म्हणायचो कमी खा, आता म्हणतो खा. तुझ्या पोटाचं आणि माझं कधी जमलंच नाही बघ." ते हसले, आणि मग हसू आवरून म्हणाले, "दादाला जेवायला सोबत तुझीच लागायची. तू ऑपरेशन करून आलीस त्या दिवशी मला म्हणाला, पोरगी वाचली रे, पण माझी पंगत मोडली."

मिह्वा स्वयंपाकघरात निघून गेली. मिह्वाचा मोठा भाऊ सांगग्यू, उनसिलचा नवरा, पुढे झाला. "काका, बसा. चला, उशीर होतोय."

पान सांगग्यूनेच मांडलं. यंदापासून तो घरचा कर्ता. आजोबा-आजींच्या नावाचा, पूजा झाली की जाळायचा कागद, त्याच्या बाजूला बाबांचा फोटो, कारण बाबांचं नाव कागदावर लिहायला आईने नको म्हटलं होतं. "एवढ्यात कागद नको करू त्यांचा," म्हणाली होती. लाल फळं पूर्वेला, पांढरी पश्चिमेला, पाइनच्या पानांवर वाफवलेले सोंगप्यॉन लाडू, मासा, सूप, आणि मधे बागेतली पहिली सफरचंदं.

उदबत्ती लावून सांगग्यूने किटली उचलली. आजोबांच्या पेल्यात ओतलं, मग आजीच्या, मग गुडघ्यावर सरकून बाबांच्या. तिथे त्याचा हात जरा थांबला. वास नव्हता. आईची दारू ओतली की खोलीभर नाशपातीसारखा आंबूसगोड वास सुटायचा, लहानपणापासूनचा. उदबत्तीमुळे असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. मग त्याने मागे पाहिलं. बायकोची नजर खाली होती. बहिणीची नजर किटलीवर होती, आणि तिचा चेहरा असा होता की सांगग्यूने घाईघाईने पुन्हा फोटोकडे तोंड केलं.

जुलैमध्ये मिह्वाने त्याला फोन केला होता, भर दुपारी, जड जिभेने. "दादा, मला बरं वाटत नाहीये." तो बागेत फवारणी करत होता. "ऑपरेशननंतर अशक्तपणा येतोच," असं त्याने सांगितलं होतं. "डाळिंबाचा रस घे." डाळिंबाचा रस. ते आठवून आत्ता त्याच्या कानशिलांत गरम झालं.

सगळे वाकले. कपाळं जमिनीला लागली. मग पूर्वज जेवतात तेवढा वेळ सगळे मान खाली घालून गप्प उभे राहिले. खोलीत फक्त सुपाची वाफ होती. बाबांच्या पुढे पेला होता आणि त्यात धुवण होतं. जन्मभर बाबांना हवी होती ती वस्तू आज उघडपणे, मानाने, चार माणसांसमोर मिळणार होती, आणि तेवढ्यातही मी त्यांना फसवलं, हे मिह्वाच्या मनात फिरत राहिलं.

*

पान उठलं. सांगग्यूने आजी-आजोबांचा कागद अंगणात जाळला. मग सगळे गोल करून बसले. पूर्वजांनी चाखलेली दारू घरच्यांनी वाटून प्यायची, म्हणजे त्यांचा आशीर्वाद अंगी लागतो. सर्वांत मोठ्या पुरुषापासून सुरुवात. म्हणजे काका.

काकांनी दोन्ही हातांनी आजोबांचा पेला घेतला, रीतीप्रमाणे मान वळवून एक मोठा घोट घेतला. घोट तोंडातच राहिला. मिह्वाने मांडीवरच्या स्कर्टची घडी मुठीत धरली. आता बोलतील. एका परीने तिला बरंच वाटलं असतं.

काकांनी गिळलं. एकदा मिह्वाकडे, एकदा भावाच्या फोटोकडे पाहिलं.

"यंदाची सौम्य उतरलीय," ते म्हणाले.

पेला सांगग्यूकडे आला. त्याने एका दमात संपवला, किटलीतून पुन्हा भरला आणि खाली ठेवताना म्हणाला, "हळव्या भाताची अशीच होते."

उनसिलने ओठांना लावला. "छान आहे," ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला, मग तिने खोकल्याचं सोंग केलं.

एकेक शब्द मिह्वावर दगडासारखा पडत होता. सगळ्यांना कळलं होतं. सगळे तिला सांभाळून घेत होते. ही माया होती, यात शंकाच नाही. बाबांवरही अशीच माया केली होती आम्ही सगळ्यांनी.

"मिह्वाला नको," सांगग्यू म्हणाला. "डॉक्टरांनी मना केलंय ना तिला."

"हो हो, तिला नको," काका लगेच म्हणाले. "वहिनी, तुम्ही घ्या."

बोंगनिमने पेला घेतला. बहात्तर वर्षांची, हाताच्या शिरा वर आलेली. तिला चव घ्यायची गरजच नव्हती. काकांचं वाक्य ऐकलं तेव्हाच तिला कळलं होतं. *यंदाची सौम्य उतरलीय.* शब्दाला शब्द तेच. तरी ती प्याली, सावकाश, तळापर्यंत. मग पेला ताटलीत उपडा ठेवला.

"दकसूभाऊ," ती म्हणाली, "हे तांदळाचं धुवण आहे."

"असू दे हो वहिनी, जरा पातळ असेल..."

"पातळ नाही. धुवण आहे. मला शिकवू नका. तुमच्या भावाच्या किटलीत अकरा वर्षं मी हेच ओतत होते."

"आधी निम्मं ओतायचे. मग पाऊण. शेवटी सगळंच. ते प्यायचे आणि म्हणायचे, यंदाची सौम्य उतरलीय. मी म्हणायचे, हळव्या भाताची अशीच होते. त्यांना कळायचं. मला कळायचं की त्यांना कळतंय. जेवण झालं की चप्पल घालून ते बाजाराकडे जायचे, तिथे खरी प्यायचे. घरात धुवण, बाहेर दारू. आणि अकरा वर्षांत एकदाही मी म्हटलं नाही, की अहो, तुम्ही मरताय, मला भीती वाटते." तिने पदर नसल्यामुळे बाहीनेच डोळे पुसले. "मला वाटायचं, बोललं की घर मोडेल. नाही बोलले, तर घर राहिलं आणि माणूस गेला."

"आई, आज सणाच्या दिवशी," सांगग्यू पुटपुटला.

"तू गप्प बस. तुलाही कळलंय. सूनबाईला तर सकाळीच कळलंय, पुन्हा तांदूळ धुतले तिने, मी ऐकलं." मग ती मुलीकडे वळली. आवाज चढला नाही. "मिह्वा. कधीपासून?"

मिह्वाला वाटलं होतं, हा प्रश्न आला की ती काही तरी सांगून वेळ मारून नेईल. पण कोणी इतकं सरळ विचारेल याची तिने तयारीच केली नव्हती.

"बाबांच्या एकोणपन्नासाव्या दिवसापासून," ती म्हणाली. "त्या दिवशी सगळे जेवत होते. मला घास जाईना. त्यांच्या पानावरचा पेला तसाच होता. तो प्यायले. आणि आई, मला पहिल्यांदा बरं वाटलं."

"रोज?"

"रोज. तीन आठवड्यांपूर्वी कामावर पडले. डॉक्टर म्हणाले, चार वर्षंही नाहीत."

उनसिलच्या तोंडून हुंदका निघाला. ती उठून मिह्वाशेजारी येऊन बसली आणि तिने तिचा हात धरला. "माझं चुकलं वन्सं," ती म्हणाली. "मला जूनपासून माहीत होतं." सांगग्यू जमिनीकडे बघत होता. "डाळिंबाचा रस सांगितला मी तिला," तो म्हणाला. मिह्वा सोडून कोणाला संदर्भ कळला नाही, पण कोणी विचारलंही नाही.

बोंगनिमने मुलीकडे पाहिलं. ही पोर जाड होती तेव्हा तिला लोकांसमोर बोलली ती मीच, खाऊ नको म्हणाले, आणि रात्री भाताचं भांडं झाकून तिच्यासाठी ठेवलं ते मीच. आता या हडकुळ्या पोरीला नेमकं काय वाढायचं, हे तिला कळेना.

"उद्या मी तुझ्याबरोबर चोनानला येते," ती शेवटी म्हणाली. "डॉक्टरांपुढे तू बोल. मी शेजारी बसते."

"मी सोडेन असं वचन नाही देता येत, आई. खूपदा दिलंय स्वतःला."

"वचन कोणी मागितलं? तुझ्या बाबांनी मला दर नव्या वर्षाला दिलं होतं." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "सांगग्यू, यांचा पेला रिकामा कर. पान परत लाव."

काकांनी दचकून वर पाहिलं. "वहिनी, एकदा उठलेल्यांना परत बसवत नाहीत. कागद जाळून झालाय."

"कागद सासू-सासऱ्यांचा जाळला. यांचा फोटो आहे की. मिह्वा, किटली धू. नळाचं पाणी भर. तू ओत."

"बायका पेला ओतत नाहीत आपल्या घरात," काका म्हणाले, पण त्यात जोर नव्हता.

"ओततात की. मागच्या खोलीत ओततात, लपून."

मग काकांनी स्वतःच बाबांचा पेला उचलला, अंगणात जाऊन धुवण पर्सिमनच्या झाडाखाली ओतलं, पेला शर्टाला पुसला आणि आणून फोटोपुढे ठेवला.

मिह्वा किटली घेऊन आली. पाणी स्वच्छ होतं, तळाचं पितळ दिसत होतं. ती गुडघ्यावर बसली. ओतताना हात इतका थरथरला की निम्मं पाणी पेल्यात गेलं आणि निम्मं सफरचंदांवर. कोणी पुसायला पुढे आलं नाही, कोणी तिचा हात धरला नाही. तिला एकटीलाच ओतू दिलं.

"आता सांग त्यांना," आई मागून म्हणाली. "काय आहे ते."

फोटोतले बाबा हसत होते, गाल फुगलेले, घास तोंडात असल्यासारखे. तो फोटो मिह्वानेच काढला होता, दोघं एकाच पितळी भांड्यात पानावरचा भात कालवून खात होती तेव्हा.

"बाबा," ती म्हणाली. "पाणी आहे हे. दारू मी प्यायले. मघाशीही तुम्हाला धुवण दिलं. तुमच्याशिवाय मला जेवता येत नाही, बाबा."

मग ती वाकली आणि उठेचना. कपाळ जमिनीला लागलेलं, खांदे हलत होते. सांगग्यू वाकला, काका वाकले, उनसिल वाकली.

बोंगनिम उभीच होती. तिने त्या पेल्याकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या तोंडाकडे.

"ऐकलंत ना?" ती म्हणाली. "पाणी आहे. मीही पाणीच देत होते तुम्हाला."

आणि मुलीच्या शेजारी जागा करून तीही वाकली.